अविधवा नवमीचं पान

वेणूबाईंच्या दारात येणाऱ्या बायका बहुधा उंबरठ्यावरच रडायला लागत. ही बाई रडली नाही आणि आतही आली नाही.

दिवेलागणीची वेळ होती. जुन्या हुबळीच्या पलीकडे, बंद पडलेल्या सरकीच्या गोदामाला लागून एक बैठं घर होतं. तिथं वेणूबाईंनी काही वर्षांपूर्वी 'भगिनी-विश्राम' काढला होता. घरातून काढून दिलेल्या, टाकलेल्या, पोरंबाळं घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकांनी तिथं राहायचं, शिवण किंवा सुईणीचं काम किंवा निदान अक्षरं शिकायची आणि पाय टेकले की आपली खोली बघून बाहेर पडायचं. वेणूबाई स्वतः विधवा. धारवाडला मुलींच्या शाळेत शिकवून झाल्यावर त्यांनी हे अंगावर घेतलं होतं.

बाईला घेऊन आली होती भागीरथी नावाची एक शेतकरीण, अळणावरकडच्या एका खेड्यातली.

"हिला ठिवून घ्या, अक्का," भागीरथी म्हणाली. "लांबची भैण हाय माझी. गंगा नाव. गावात जनावरं मरायला लागली तर लोक म्हणत्यात हिच्यामुळं. काल आमच्या खोपटाला काडी लावायला आलते."

"हिला कोणी नाही?"

"दादला हाय. जित्ता हाय." एवढं बोलून भागीरथी गंगाकडं वळली.

गंगा अंगणातच उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. पायांना घोट्यापासून बोटांपर्यंत जुनेराच्या चिंध्या गुंडाळलेल्या. वेणूबाई म्हणाल्या, "आत या की." ती तशीच उभी राहिली.

"तिला नाव घिऊन बोलवावं लागतंय," भागीरथी हळू आवाजात म्हणाली. "त्याबिगर ती कुणाच्या घरात पाय ठिवत न्हाई."

"गंगा, आत ये."

तेव्हा ती आली. आणि म्हणाली, "आपल्याला त्रास होणार नाही, असं राहीन मी."

वेणूबाईंनी चमकून पाहिलं. हे बोलणं अळणावरच्या रानातलं नव्हतं. धारवाड-हुबळीच्या आचार्यांच्या घरातलं होतं.

*

पहिल्या आठवड्यात कोणाची तक्रार नव्हती. गंगा शिवण लवकर शिकली, दळण-कांडणाला मागं हटत नव्हती. पण घरातल्या बायका हळूहळू तिच्यापासून सरकून बसायला लागल्या. स्वयंपाक बघणारी जनाबाई एके दिवशी दुपारी वेणूबाईंच्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन बोलली.

"बाई, ती पहिला घास परसातल्या भिंतीवर ठेवते. रोज."

"कावळ्याला घालत असेल."

"मला पण तसंच वाटलं. म्हणून मी विचारलं, कोणाच्या नावानं ठेवतेस गं? तर म्हणाली, माझ्या."

वेणूबाईंनी हातातली वही मिटली.

"आणि कावळा शिवत नाही त्याला," जनाबाई म्हणाली. "भिंतीवर बसतात, बघतात आणि उडून जातात. मी रोज बघते. पायाच्या चिंध्या कोणासमोर सोडत नाही. काल न्हाणीत वाकून पाहिलं तर दाराकडं पाठ करून बसली. पोरी म्हणतात, पाय उलटे असतील."

"तू म्हणतेस का तसं?"

"मी काही म्हणत नाही. पण दक्षिणेकडं पाय करून निजते ती. जिवंत माणूस निजतं का असं?"

वेणूबाईंनी जनाबाईला समजावलं, थोडं रागावल्याही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंगाची वळकटी उचलून आपल्या खोलीत आणली, म्हणजे इतरांचं बोलणं थांबेल. पण त्यांनाही काही गोष्टी दिसत होत्या. भर दुपारी गंगा शिवता शिवता थांबायची. सुई कापडात तशीच राहायची आणि ती ऐकत असल्यासारखी बसून राहायची. श्वास इतका सावकाश, की पदर हलतोय की नाही ते वेणूबाईंना निरखून बघावं लागे. एकदा त्यांनी न राहवून तिच्या मनगटाला हात लावला. भाद्रपदातलं कडक ऊन होतं, तरी मनगट विहिरीच्या दगडासारखं गार होतं.

"काय बघताय, बाई?" गंगानं विचारलं.

"बरं वाटत नाही का तुला?"

"मला पण कधीकधी बघावं लागतं," ती म्हणाली आणि पुन्हा टाका घालायला लागली.

*

पितृपंधरवडा सुरू झाला तेव्हा एक तरुण बाई विश्रामात आली. कानात कुड्या, अंगावर चांगलं इरकली लुगडं, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं. दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या गुरुराज वकिलांची ती बायको, हेमावती. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक छोटा टाक होता. दुसरेपणाच्या बायकोला मेलेल्या सवतीच्या नावानं असा टाक घालावा लागतो. नवं लुगडं आलं तर आधी त्या टाकाला लावायचं, फुलं आधी त्याला दाखवायची, मग आपण माळायची.

"अविधवा नवमीला एक सवाष्ण हवी होती," हेमावती खाली बघून म्हणाली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. "आमच्यातलीच हवी. मामंजी फार सोवळ्याचे आहेत."

"तुमच्या गल्लीत सवाष्णी नाहीत?" वेणूबाईंनी विचारलं.

हेमावतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "कोणी येत नाही आता. आधी जेवून गेलेल्या बायका म्हणतात, त्या पानावरच्या अन्नाला चवच लागत नाही. कोणीतरी आधीच जेवून गेल्यासारखं लागतं. एकीला घरी जाऊन ताप आला. मग लोकांनी नाव घेणंच सोडलं."

वेणूबाईंना हे आवडलं नाही. जिथं गल्लीतल्या बायका बसत नाहीत तिथं बसवायला आश्रमातली बाई बरी, हा त्यातला हिशेब त्यांना समजत होता. नाही म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात मागून आवाज आला.

"मी येते."

गंगा कापड हातात घेऊन दारात उभी होती. हेमावतीनं तिच्याकडं पाहिलं, कपाळावरच्या कुंकवाकडं पाहिलं आणि घराणं न विचारताच सुटल्यासारखा श्वास सोडला. "आमचं घर म्हणजे मारुतीच्या देवळापाशी वळलं की..."

"ठाऊक आहे मला," गंगा म्हणाली. "दारात प्राजक्त आहे."

"प्राजक्त पडला. सासूबाई गेल्या त्या वर्षी," हेमावती म्हणाली. ही बाई आपल्या गल्लीत कधी आली होती, हे तिनं विचारलं नाही. ती घाईनं निघून गेली.

वेणूबाईंनी मात्र विचारलं. गंगा म्हणाली, "तुम्ही बरोबर चला. सांगते, पण जेवून झाल्यावर. आधी सांगितलं तर तुम्ही मला जाऊ देणार नाही."

*

नवमीच्या दिवशी दोघी उन्हातून निघाल्या. गंगा पुढं आणि वेणूबाई मागं. दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानांसमोर गाड्या लागल्या होत्या. हमाल कानडीत ओरडत होते. त्या गर्दीतून गंगा कोणालाही न धडकता चालत होती. गल्लीत शिरल्यावर एक म्हातारी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिनं गंगाकडं पाहिलं, सूप तिथंच ठेवलं आणि आत जाऊन कडी लावली.

घराचं दार बुटकं होतं. नवा माणूस हमखास डोकं आपटेल असं. गंगा आपोआप वाकली. पण उंबरठ्यापाशी येऊन थांबली.

"या ना," हेमावती आतून म्हणाली.

गंगा हलली नाही. वेणूबाई मागून हळूच म्हणाल्या, "गंगा, आत जा."

वेणूबाई विधवा. त्या दिवशी त्यांनी आत जायचं नव्हतं. त्या सोप्यात बसल्या. तिथून माजघर सरळ दिसत होतं. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. केळीच्या पानासमोर म्हातारे बाळाचार्य, हेमावतीचे सासरे, दर्भ घेऊन बसले होते. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे दुधासारखे झाले होते. सगळे मंत्र ते पाठ म्हणत. शेजारी गुरुराज ओलेत्यानं बसला होता, मान खाली घालून.

हेमावती तांब्या-घंगाळ घेऊन सवाष्णीचे पाय धुवायला आली. गंगानं खाली बसून चिंध्या सोडल्या.

सोप्यातून वेणूबाईंनी ते पाय पाहिले. उलटे नव्हते. पण घोट्याच्या खाली कातडी मेणासारखी वितळून गोठलेली होती आणि डाव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटून एकच झाली होती. हेमावतीचा हात थांबला. मग तिनं पाणी घातलं, हळद लावली, त्या बोटांवर कुंकू लावलं. गुरुराजानं मान वर केली नव्हती.

गंगा पाटावर बसली. बाळाचार्यांनी संकल्प सुरू केला. ते एकेक शब्द म्हणत आणि गुरुराज मागून म्हणत होता. गोत्र झालं. मग नाव आलं.

"जयलक्ष्मी," बाळाचार्य म्हणाले.

"जयलक्ष्मी," गुरुराज म्हणाला.

"ओ," गंगा म्हणाली.

अगदी साधेपणानं. घरात कोणी हाक मारली तर माणूस कामातून म्हणतं तसं.

गुरुराजानं वर पाहिलं. त्याच्या ओंजळीत दर्भ आणि तिळाचं पाणी होतं. ते बोटांमधून गळायला लागलं आणि पार संपलं, तरी ओंजळ तशीच राहिली. हेमावती गंगाकडं बघत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

"कोण बोललं?" बाळाचार्यांनी विचारलं.

हेमावतीनं पाण्याची पळी नवऱ्यापुढं सरकवली.

"गुरू, पुढं म्हण."

गुरुराजाला पुढचं म्हणता येईना. मग बाळाचार्यांनी स्वतःच सगळं म्हटलं आणि पानावर पाणी फिरवलं.

गंगा जेवायला लागली. वेणूबाई तिला रोज जेवताना बघत होत्या. चिमणीसारखं टिपणारी ही बाई. आज ती भुकेल्यासारखी जेवली. खीर, वडे, अळूची भाजी, कढी. भात दोनदा मागून घेतला. पानात शीत ठेवलं नाही. माजघरात तिच्या जेवण्याचाच तेवढा आवाज होता.

जेवण झाल्यावर बाळाचार्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "बाई, तृप्त झालात?"

"झाले, मामंजी," गंगा म्हणाली. "पण पुढच्या वर्षापासून माझं पान मांडू नका."

बाळाचार्यांनी हातातले दर्भ खाली ठेवले. आवाज त्यांनी ओळखला होता. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आवाजाच्या दिशेनं वाकले.

"नाही मांडणार. तू जा, बाई. सुखानं जा. आता मागं बघू नकोस. पुढं जा."

"मी हुबळीतच आहे, मामंजी."

पण बाळाचार्यांचे ओठ पुटपुटायला लागले होते. ते ऐकत नव्हते.

हेमावतीनं आतल्या दाराकडं बघून हाक मारली, "विमला, विडा आण." परकर-पोलक्यातली एक मुलगी तबक घेऊन आली. भुवया दाट, हनुवटीवर खळी. गंगानं विडा घेतला. मुलीच्या बोटांना आपली बोटं लागणार नाहीत अशा बेतानं.

"शाळेत जातेस?"

"तिसरीत आहे," विमला म्हणाली. "तुमच्या पायाला काय झालं?"

"भाजलं," गंगा म्हणाली आणि उठली.

*

परतीच्या वाटेवर तिनं सांगितलं. चालता चालता, मधे न थांबता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं.

मानमोडीच्या तापाची साथ होती ते वर्ष. घरोघर माणसं मरत होती. जयलक्ष्मीची आई आजारी म्हणून वडील तिला न्यायला आले. विमलाला नुकतं दूध तोडलं होतं. साथीत लेकरू कशाला, म्हणून सासूनं ठेवून घेतलं. अळणावरच्या पुढं गाडीतच वडिलांना ताप भरला, मग तिला. गाडीवानानं दोघांना एका खेड्यातल्या धर्मशाळेत सोडलं आणि तो पळून गेला. वडील गेले. तिला शुद्ध नव्हती. गावात रोजच इतकी प्रेतं होती, की नाडी कोण बघतो. दोघांना ओढ्याकाठी नेलं. लाकूड संपत आलं होतं, होतं ते ओलं. लोकांनी पेटवलं आणि तोंडाला फडकी बांधून निघून गेले.

"पायाकडून पेटलं होतं," गंगा म्हणाली. "मी उठले तेव्हा कोणी नव्हतं. शेजारी अप्पा जळत होते. मी उतरले आणि ओढ्यात पाय सोडून बसले."

भागीरथीचं तान्हं पोर त्याच ओढ्याकाठी पुरलं होतं. कुत्र्यांनी उकरलं तर नाही ना, ते बघायला ती उजाडता आली होती. तिला पाण्यात पाय सोडून बसलेली बाई दिसली. "ती भ्याली नाही. मी विचारलं होतं तिला मागं. म्हणाली, पोर गेल्यावर भ्यायला काय राहिलंय. तिनं मला पाठीवर घालून नेलं. माझं नाव मला सांगता येईना, म्हणून तिनं गंगा ठेवलं."

"आणि घरी?"

"आले होते. त्याच वर्षी, पाय बरे झाल्यावर, सगळं आठवल्यावर. तिन्हीसांजेला परसदारी आले. सासूबाईंनी दार उघडलं. माझे पाय पाहिले, तापानं गळून भादरल्यासारखे झालेले केस पाहिले. तोवर त्या गावावरून निरोप येऊन इकडं दिवस घालून झाले होते. अस्थी म्हणून ओढ्यावरचं जे काय मिळालं ते गोकर्णाला सोडलं होतं. त्यांनी माझ्यावर मोहरी फेकली आणि दार लावलं. आतून यांचा आवाज आला, कोण आहे? त्या म्हणाल्या, कोणी नाही." गंगानं पदर डोक्यावर ओढून घेतला. "सरणावरून उतरलेल्याला घरात घेत नाहीत. मला ठाऊक आहे. मी पण नसतं घेतलं कदाचित."

"तू मेलेली नाहीस, गंगा."

"तुम्हाला ठाऊक आहे. मला सारखं विसरायला होतं. दर वर्षी या दिवशी भागीरथी ताट वाढायची आणि माझं पोट भरलेलं असायचं. घास गिळत नसे. खिरीची चव तोंडात असायची, भागीरथीच्या घरात खीर कुठली? मग मला वाटायचं, तेच खरं असणार." ती वळून वेणूबाईंकडं बघत म्हणाली, "आज भूक लागली. म्हणून मी तशी जेवले. वाईट दिसलं असेल."

वेणूबाईंनी तिचा हात धरला. तो अजूनही गार होता. त्यांनी तो घर येईपर्यंत सोडला नाही.

*

वेणूबाईंनी गंगाला विचारून ही हकिगत घरातल्या बायकांना सांगितली. जनाबाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि एरंडेलाची वाटी कोमट करून घेऊन आली.

"पाय इकडं कर," ती गंगाला म्हणाली. "चिंध्या कशाला बांधतेस, आतून चिघळतं त्यानं. मला आधी सांगितलं असतंस तर..." पुढं तिनं वाक्य सोडून दिलं आणि तेल चोळत बसली. नजर मात्र दुसरीकडं होती. भीती एका दिवसात जात नाही. पण तिनं पाय सोडले नाहीत.

गुरुराज पुढच्या आठवड्यात आला. कोर्टाचा काळा कोट तसाच अंगावर होता. वेणूबाईंनी खुर्ची दिली, ती त्यानं घेतली नाही.

"तुमच्याकडं एक बाई आहे," तो म्हणाला. "तिला पुण्याला कुठंतरी चांगल्या संस्थेत पाठवावं. व्यवस्था मी करीन."

"ती तुमची कोण?"

"माझ्या पहिल्या कुटुंबाला देवाज्ञा झाली."

"मग या बाईची चिंता तुम्हाला का?"

गुरुराज खिडकीबाहेर सरकीच्या गोदामाकडं बघत राहिला. बोलला तेव्हा आवाज वकिलाचा नव्हता. "वडील म्हणतात, ती आली, जेवली, मुक्त झाली. घरात शांत वाटतंय त्यांना. गल्लीत सगळ्यांना तेच सांगतात. मी काय सांगू? त्या संध्याकाळी मी दार उघडायला उठलो होतो, बाई. आई म्हणाली, कोणी नाही. मी परत बसलो."

गंगा पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. पाहुण्याला पाणी देण्याची पाळी त्या दिवशी तिची होती. तिनं तांब्या समोर ठेवला. गुरुराजानं तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि तो जमिनीकडं, ती उभी होती तिथं, टक लावून बघत होता. तिची सावली पडते का ते बघतोय, हे वेणूबाईंच्या उशिरा लक्षात आलं.

गंगाला ते आधीच समजलं होतं. ती जरा बाजूला सरकली. सावलीही सरकली.

"पडते," ती म्हणाली. "मी पुण्याला जाणार नाही. तुमच्या दारातही येणार नाही. तुम्ही भिऊ नका."

गुरुराजानं तांब्याला हात लावला नाही. तो गेल्यावर गंगानं ते पाणी अंगणातल्या तुळशीला घातलं आणि शिवणावर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं इतके टाके चुकवले, की सगळं शिवण उसवावं लागलं.

हेमावती आली ती मात्र कोणाला न सांगता, भर दुपारी. दोघी पडवीत समोरासमोर बसल्या. वेणूबाई उठून जायला लागल्या, तर गंगानं त्यांना थांबवलं.

"तुझे पाय धुतले होते, ते आठवून मला कळलं," हेमावती म्हणाली. "पाणी गरम होतं जरा. तू पाय मागं घेतलास. मेलेल्या बाईला चटका बसत नाही." मग तिनं गळ्यातला टाक हातात धरला. "लग्न झाल्यापासून मी याला भितेय. विमलाला ताप आला की याला नैवेद्य, मला दिवस जाऊन राहिलं नाही की याला नैवेद्य. आता सांग, हा घालू की काढू? आणि तू आहेस तर मी कोण आहे त्या घरात?"

"तू विमलाची आई आहेस."

"ते तू म्हणतेस?"

"मीच म्हणायला पाहिजे," गंगा म्हणाली. तिनं हात पुढं केला. हेमावतीनं टाक काढून दिला. गंगानं तो उजेडात धरून पाहिला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली इवलीशी बाई, हात जोडून उभी. "नाक बरं आहे हिचं. माझं असं कुठंय?"

हेमावतीला हसू आलं. हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ काढला नाही. गंगा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

दिवाळीनंतर गंगा विश्रामातून बाहेर पडली. बायकांच्या एका सूतिकागृहात तिला आयाचं काम मिळालं. खोली मिळायला मात्र वेळ लागला. घरमालक आधी हो म्हणत, मग कोणीतरी त्यांच्या कानाला लागे. शेवटी जनाबाईच्या ओळखीनं कोप्पीकर रोडच्या मागं एका विणकराच्या घरात पत्र्याची खोली मिळाली. भागीरथी अळणावरहून तांदूळ आणि एक जातं घेऊन आली आणि महिनाभर राहून गेली. तिचा नवरा तुकाराम येऊन तिला परत घेऊन गेला.

बाळाचार्य त्या हिवाळ्यात गेले. मेलेल्या सुनेला आपल्या हातानं मुक्ती मिळाली, हे येईल त्याला सांगत गेले. पुढच्या अविधवा नवमीला त्या घरात पान मांडलं गेलं नाही. गंगाला ओळखणारे लोक अजूनही भर दुपारी ती समोरून आली की गल्ली बदलत. सूतिकागृहातल्या बाळंतिणींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कळा आल्या की त्या तिचे हात घट्ट धरत. तुझे हात गार आहेत, बरं वाटतं, असं एकदोघी म्हणाल्याही.

हेमावती अधूनमधून विमलाला घेऊन येई. कारण काय सांगायचं, ते तिचं ती बघे. विमलाला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण गल्लीतल्या पोरींनी सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी ती गंगाच्या खोलीत पाटावर बसली होती. हेमावती शेंगा सोलत होती. विमलानं एकदम विचारलं,

"गंगाक्का, तू मेलीस तेव्हा कसं वाटलं?"

हेमावतीचा हात थांबला. ती मुलीला रागावणार तोच गंगानं मान हलवून तिला थांबवलं.

"थंड होतं," गंगा म्हणाली. "आणि लांब कुठंतरी स्वयंपाक चालल्यासारखा वास येत होता."

"कोण करत होतं स्वयंपाक?"

"कोणी नाही."

विमलानं जरा विचार केला. "मग?"

"मग भूक लागली."

"म्हणून उठलीस?"

"म्हणून उठले," गंगा म्हणाली आणि चुलीवरच्या भाताचं झाकण काढून शीत दाबून बघायला वाकली.